एसएमपीएसचा डबा उघडला: पहिली नजर (सोबत जुन्याचा पंचनामा)

पऱ्हाटी · रविवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी. "फोटो टाक, फोटो टाक" म्हणून ज्यांनी पिच्छा पुरवला होता, त्यांची आधी माफी. इथे एक फोटो चढेपर्यंत दोन भाकरी भाजून होतात, म्हणून नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला, लाईन बदलून त्याला वीज पुरवणारा डबा) लिहूनच दाखवतो.

नवीन लोकांसाठी: राळेगाव तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, दाखले, पोरांचे फॉर्म. एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन आणि समोरच्या बाकड्यावर कायम चार माणसं. जिनिंग हाकेच्या अंतरावर.

मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी वावधन सुटलं. लाईट दोनदा मिचमिचली, मग आली ती अशी जोरात की पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं. म्हटलं वा, आज लाईन झकास आहे! अर्ध्या मिनिटात टेबलाखाली 'फट्' झालं आणि सडक्या मासोळीसारखा वास सुटला. बाकड्यावरचे काका चप्पल न घालताच रस्त्यावर. एका कास्तकाराचा अर्धा भरलेला फॉर्म गेला तो गेलाच.

जुना एसएमपीएस दोन दिवस नुसता पडू दिला (बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, हे इथेच शिकलो) आणि मग उघडला. आत कापूस! जाळीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत रुईचा असा थर की बाहुलीची उशी भरावी. त्यात पालीची शेपटी. नुसती शेपटी, पाल नाही. दोन मोठ्या कपॅसिटरपैकी एकाचं डोकं फुटलेलं. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. पेंटियम फोर आला त्या काळात, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनची वायर आली. तेव्हापासून मशीनचा मुख्य घास १२ व्होल्टवरच आहे. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली. सहाशे रुपयांत मी तरी काय अपेक्षा करत होतो!

आता नव्याकडे. ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो, याचा बॅज), साडेतीन हजाराच्या आसपास पडला. कुरिअर आमच्या गावाला येत नाही, म्हणून वर्ध्याला मामेभावाच्या पत्त्यावर मागवला आणि तिथून मांडीवर घेऊन एसटीनं आणला. कंडक्टरनं विचारलं, मिक्सर का? हो म्हटलं. एसएमपीएस म्हटलं असतं तर राळेगाव येईपर्यंत समजावून सांगावं लागलं असतं.

बाहेरचं खोकं एका कोपऱ्यावर दबलेलं होतं, पण आत दोन्ही बाजूंनी फोम आहे, माल सुखरूप. सोबत पॉवर कॉर्ड (आपल्याच जाड तीन पिनची, परदेशी प्लगची भीती होती), चार स्क्रू, चार-पाच प्लास्टिकचे पट्टे आणि एक पुस्तिका. तिच्यात चौदा भाषा आहेत, मराठी सोडून. डब्यावर बीआयएसचा शिक्का आणि त्याखाली आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे. अंगावर एक गोल सील आहे: उघडलं की वॉरंटी गेली. म्हणजे हा जिवंत असेपर्यंत आतलं बघणं नाही. टॉर्च लावून जाळीतून डोकावलो तर मोठा कपॅसिटर दिसला, त्यावर १०५ अंश (एवढी गरमी सोसतो) छापलेलं वाचता आलं. जुन्यात ८५ चे होते.

किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही मोजले. जुना, कापूस झाडून, ७८० ग्रॅम. नवा १ किलो ७५० ग्रॅम. वजन म्हणजे गुणवत्ता नाही हे माहीत आहे मला, पण काट्यावर ठेवल्यावर दुकानदारानंच "ह्यो भारी दिसते" म्हटलं.

लेबलवर १२ व्होल्टला ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॅट. ५५० पैकी ५१६ एकट्या १२ व्होल्टवर. असं पाहिजे. आणि ज्यासाठी हा निवडला ती ओळ: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. याच किमतीचे दोन मॉडेल मी २०० ते २४० असल्यामुळे सोडले. आमच्याकडे मेमध्ये घरोघरी कूलर लागले की संध्याकाळी मीटर १७५ दाखवतो, मग २०० पासून सुरू होणारा घेऊन काय पूजा करू?

केबल सगळ्या अंगाला जोडलेल्या आहेत, काढता येत नाहीत. टेपनं मोजल्या: २४ पिनची ५० सेंटिमीटर, प्रोसेसरची चार अधिक चारची ६०. माझा कॅबिनेट जुन्या पद्धतीचा, एसएमपीएस वर बसतो, त्यामुळे पुरून उरतात. ग्राफिक कार्डाच्या दोन शेपट्या निरुपयोगी, त्या पट्ट्यानं बांधून कोपऱ्यात सरकवणार.

बसवायच्या आधी आकड्याची परीक्षा घेतली. बायकोच्या केसाचा आकडा हिरव्या वायरीत आणि शेजारच्या काळ्या वायरीत, की एसएमपीएस मशीनशिवायच चालू होतो. (वायरी रंगीत आहेत म्हणून सोपं गेलं, सगळ्या काळ्या केबलवाला असता तर पिना मोजत बसावं लागलं असतं.) पंखा फिरला, आवाज जवळपास नाहीच. मीटरवर पिवळी १२.१२, लाल ५.०५, नारिंगी ३.३३, जांभळी ५.०३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची हद्द ११.४ ते १२.६. पास. अर्थात बिनलोडचं पास म्हणजे रिकाम्या बैलगाडीनं चढण चढल्यासारखं आहे. उद्या बसवतो.

बायको म्हणते, आकडा परत दे.

---

बर्डीवाला · रविवार, रात्री ९.५२

मस्त लिहिलं भाऊ. कंपनीचं नाव कुठे आहे पण? आणि ५५० कशाला घेऊन राहिला, सेवा केंद्रात काय गेम खेळणार आहेस का? आमच्या सीताबर्डीत रोज बघतो, गिऱ्हाईक येते, "मोठा द्या". तुझं आय-थ्री, एसएसडी, कार्ड नाही. काम करताना ५०-६० वॅटच्या वर जात नसेल. ५५० चे ११ टक्के. ब्रॉन्झची परीक्षा २०, ५० आणि १०० टक्के लोडलाच होते, ११५ व्होल्टच्या तक्त्यात ८२, ८५, ८२ टक्के एफिशियन्सी. दहा टक्क्यांचा पेपर फक्त टायटॅनियमवाल्यांना असतो. म्हणजे तू दिवसभर जिथे चालवशील तिथलं बॅजनं काही सांगितलेलंच नाही. ४०० चा बास होता.

---

पऱ्हाटी · रविवार, रात्री १०.०५

नाव महिनाभर चालल्यावर सांगतो. पहिल्याच दिवशी सांगितलं की जाहिरात होते आणि महिन्यानं फुटला तर बदनामी.

५५० बद्दल तुमचं खरं आहे, मान्य. पण १०० व्होल्टपासून चालणारा, १०५ अंशाचा कपॅसिटर आणि पाच वर्षं वॉरंटी हे तिन्ही ४०० मध्ये मला मिळालं नाही. वॅट नको होते, बाकीचं पाहिजे होतं. चांगल्या बियाण्याची थैली मोठीच येते तसं झालं.

---

कोरडवाहू · रविवार, रात्री १०.३१

नव्याच्या मागे लाल स्विच आहे का, ११५/२३० लिहिलेला? नसेल तर आधी देवाला नारळ फोडा.

दर्यापूर तालुक्यात आमच्या शाळेत दहा मशीन होत्या. सहावीतल्या एका पोरानं पेनच्या टोकानं तो स्विच सरकवला, "मॅडम, हे काय आहे" हे विचारायच्या आधी. मी बटन दाबलं आणि अख्खा वर्ग बाकाखाली. नंतर समजून घेतलं ते असं: २३० व्होल्ट सरळ केला की त्याचं शिखर ३२५ होतं आणि ते दोन कपॅसिटरमध्ये निम्मं निम्मं वाटलं जातं, प्रत्येकी २०० व्होल्टचे असतात म्हणून पुरतं. स्विच ११५ वर गेला की तेच सर्किट दुप्पट करायला लागतं, कारण अमेरिकेतल्या ११५ ला इथल्या एवढं करायचं असतं. आपल्या लाईनवर मग ६५० होतात. दोनशेच्या डब्यात सव्वातीनशे.

उरलेल्या नऊ मशीनच्या स्विचवर मी त्याच दिवशी चिकटपट्टी लावली आणि त्यावर स्केचपेननं कवटी काढली. पोरगा आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. कुठे का होईना, कामी आलं.

---

पऱ्हाटी · रविवार, रात्री १०.४०

स्विच नाही ताई. याला अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) आहे, १०० ते २४० आपोआप सांभाळतो. जुन्याला होता, आणि तो २३० वरच होता, मी बघितलं. म्हणजे माझा तसा नाही फुटला. कापसानं गरम होऊन फुटला.

---

खांबावरचा · सोमवार, पहाटे ५.२०

पऱ्हाटी भाऊ, वस्तू चांगली घेतली, काई वाद नाई. पन तू ज्या गोष्टीवरून हात फिरवून पुढे गेला ना, थेच खरं दुखनं हाय. पंखा जोरात फिरला, कॅलेंडर फडफडलं, म्हनतं लाईन झकास. राज्या, थे झकास नव्हतं. न्यूट्रल तुटला होता.

मी नोकरीभर खांबावर चढलो, वावधनात ह्येच होते. डीपीवरून तीन फेज अन् एक न्यूट्रल येते. न्यूट्रलचा जोड ढिला झाला का दोन फेजमधले चारशे व्होल्ट घराघरात वाटल्या जाते, अन् थे सारखे नाई वाटल्या जात. ज्या फेजवर कूलर जास्त, त्यायचे बलब कंदिलावानी मिनमिन. ज्या फेजवर लोड कमी, तिथी तीनशे, साडेतीनशे. तुह्या सेवा केंद्रात एक पंखा अन् एक कम्पुटर, तुह्या वाट्याले जास्तीचं आलं असन.

आज दोन गोष्टी पूस. त्या रोजी तुह्या लाईनीत कोनाचं काय काय जळलं, अन् कोनाच्या घरी लाईट मंद झाली. मंग सांगजो. तवापर्यंत नवा लावू नको.

---

पऱ्हाटी · सोमवार, दुपारी १.१५

काका, पाय कुठे आहेत तुमचे?

सकाळी चहाच्या टपरीवर विचारलं. आमच्या ओळीत, त्याच संध्याकाळी: शेजारच्या काकूंचा सेटटॉप बॉक्स, किराणा दुकानातले दोन एलईडी बल्ब, गिरणीवाल्याचा मोबाईल चार्जर आणि मी. काकूंनी तर सेटटॉप बॉक्स दुरुस्तीला टाकून पैसेही भरले. समोरच्या आळीत कुणाचंच काही जळलं नाही. उलट एकजण म्हणाला, "आमचा कूलर तं घुं करून उभाच राह्यला, फिरेचना, म्हनून बंद केला." सगळे आपापल्या घरात आपापल्या वस्तूला शिव्या देत होते. मी पंधरा दिवस कापसाला.

म्हणजे सहाशेवाला गरीब होता, पण गुन्हेगार नव्हता.

---

बर्डीवाला · सोमवार, दुपारी २.०३

हिशोब जुळते. ३०० व्होल्टला १.४१४ नं गुणा, ४२४. तुझ्या जुन्यात २०० चे दोन, मिळून ४००. डोकं फुटणारच. वास पण त्याचाच, कपॅसिटरमधलं पाणी.

आणि आता वाईट बातमी ऐक. नवा १०० ते २४० आहे म्हणजे वरची हद्द दहा टक्के धरून २६४. खालून तो मजबूत आहे, वरून नाही. पुढच्या वावधनात तीनशे आले तर साडेतीन हजारवालाही जाईल. फार तर आतला व्हॅरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) आधी मरेल आणि फ्यूज उडवून बाकीच्याला वाचवेल. तरी वॉरंटीसाठी वर्ध्याच्या चकरा आहेतच.

---

कोरडवाहू · सोमवार, दुपारी ४.४०

मग स्टॅबिलायझर लावा ना. शाळेत आमचा आहे, चार वर्षं काही झालं नाही.

---

बर्डीवाला · सोमवार, दुपारी ४.५८

ताई, राग मानू नका, पण अशा एसएमपीएसला स्टॅबिलायझर म्हणजे पोहता येणाऱ्याला ट्यूब. १७५ ला तो स्वतःच चालतो. साध्या स्टॅबिलायझरमध्ये रिले टकटक करून टॅप बदलते, दर टकटकीला लाईन क्षणभर तुटते. फायद्यापेक्षा कटकट.

---

खांबावरचा · सोमवार, संध्याकाळी ७.३०

दोघंही आपल्या जागी बरोबर हाय. ताईच्या शाळेतल्या मशीन जुन्या असन, त्यायले कमी व्होल्टेज सोसत नाई, तिथी स्टॅबिलायझर पाह्यजे. पऱ्हाटीचं दुखनं जास्तीचं हाय. त्याले बोर्डात बसनारा कटऑफ लाव. आकडे दिसते त्याच्यावर, वरची अन् खालची हद्द आपन लावायची, बाहेर गेलं का थो लाईनच तोडते. घेतानी पाय, चारशे व्होल्ट आले तरी सोता जळनार नाई असाच घेजो. अन् लाईट परत आल्यावर लगेच जोडनारा नको, मिनिटभर थांबनारा पाह्यजे. लाईट येते तवाच धक्के जास्त रायते.

अन् पयले डीपीचा जोड पाहाले सांग वायरमनले. चार घरं मिळून जा, एकट्यानं गेल्यावर कोनी आयकत नाई. सोता डीपीले हात लावू नको.

---

मृगबहार · सोमवार, रात्री ८.१२

मध्येच घुसतो, वरुडकडचा आहे. घरी इन्व्हर्टर आहे, मोठी ट्यूब्युलर बॅटरी, पण स्क्वेअर वेव्ह. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडून परत चालू होतो. पंखा, टीव्ही सगळं चालतं, फक्त हाच नाटक करतो. एसएमपीएस बदलू का?

---

बर्डीवाला · सोमवार, रात्री ८.३५

आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटन बघ. यूपीएस आणि नॉर्मल, किंवा यूपीएस आणि इको असं काहीतरी असते. नॉर्मलवर असेल तर तो कमी-जास्त व्होल्टेज खपवून घेते, पण लाईनवरून बॅटरीवर जायला वेळ लावते. पंख्याला कळत नाही. एसएमपीएसमध्ये कपॅसिटरचा साठा असतो, लाईन गेल्यावर त्याच्या जोरावर पूर्ण लोडला १६-१७ मिलिसेकंद तग धरायची, अशी एटीएक्सची जुनी अपेक्षा आहे. आपल्या लाईनचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एवढा दम एका लाटेलाही पुरत नाही. हलक्या लोडवर थोडा जास्त पुरतो. स्वस्तवाल्यात कपॅसिटरच लहान, मग ते तेवढंही थांबत नाही.

यूपीएसवर टाकून बघ. तरी झालं नाही तर मग खर्चाचं बोलू. आणि अॅक्टिव्ह पीएफसीवाला घेणार असशील तर आधी कुणाचा तरी आणून तुझ्या स्क्वेअर वेव्हवर चालवून बघ. काही गुणगुणतात, काही सरळ बंद पडतात.

---

मृगबहार · सोमवार, रात्री ९.००

बटन नॉर्मलवर होतं. पोरानं केलं असेल. यूपीएसवर केलं, मेन स्विच पाडून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा चालू राहिला! वडील ओरडले, सारखा मेन स्विच पाडतो म्हणून. भाऊ, वरुडला आलात तर संत्र्याची पेटी तुमची.

---

भट्टी · मंगळवार, दुपारी ३.१०

चंद्रपूरहून. ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो मी काढतो: ऊन. ८० प्लसची परीक्षा २३ अंशाला होते. २३ अंश आमच्याकडे दिवाळीनंतर पंखा बंद केल्यावर बघायला मिळतात. आता दुपारचे तीन वाजलेत, खोलीत ४० च्या वर आहे आणि कॅबिनेटच्या आत त्याहून. पुस्तिकेत बघा, पूर्ण वॅट किती अंशाला मिळतील ते लिहिलेलं असतं, ४० किंवा ५०. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे समजून जा. कपॅसिटरचा साधा हिशोब असा की दहा अंश कमी ठेवलं तर आयुष्य साधारण दुप्पट. म्हणून पऱ्हाटीभाऊंनी १०५ चा घेतला ते बेस केलं, आणि ५५० वर ६० चालवताय तेही माझ्या मते वाया नाही, थंड राहील.

अजून एक. कूलरच्या सरळ झोतात मशीन ठेवू नका. मी ठेवली होती, "थंड राहील" म्हणून. वाळ्याच्या ताट्यांतून तुषार उडतात, ते सुकले की पांढरा क्षार उरतो. दोन उन्हाळ्यांत पंख्याची जाळी आणि स्क्रू दोन्ही गंजले.

---

कोरडवाहू · मंगळवार, संध्याकाळी ५.२५

आमच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी कूलरमध्ये टाकून बघा, एका उन्हाळ्यातच होतं.

---

पऱ्हाटी · बुधवार, रात्री ८.४५

डीपीचं काम झालं. सहा जण मिळून गेलो, वायरमन दुसऱ्या दिवशी आला. न्यूट्रलचा जोड काळा पडलेला, त्यानं हातानं हलवून दाखवला. नवीन करून दिला. कटऑफ यवतमाळहून आणला, वरची हद्द २६० आणि खालची १६० ठेवली.

मग आज एसएमपीएस बसवला. पहिल्या झटक्यात चालू. बाकड्यावरून टाळ्या. जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा लावणार होतो, रुई अडावी म्हणून, पण तीच बंद होऊन गरम होईल असं वाटलं. त्यापेक्षा दर रविवारी ब्लोअर मारतो, पात्यात काडी अडकवून. फिरू दिला तर पंखा नको तेवढा पळतो आणि बेअरिंग जातं.

पण एक नवीनच. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू लावली की झिणझिण्या येतात. जुन्यालाही यायच्या, मी सवयीनं दुर्लक्ष करत होतो. मीटर लावला: पत्रा आणि बाहेरचा हातपंप यांच्यात ११२ व्होल्ट. साडेतीन हजाराचा असून करंट मारतो?

---

खांबावरचा · गुरुवार, पहाटे ५.०५

थो मारत नाई, थो सांगून राह्यला. तुह्या सॉकेटमंदी तिसरं भोक हाय, पन त्याच्या मांगं वायर नसन. चांगल्या एसएमपीएसमंदी कचरा गाळाले दोन बारके कपॅसिटर रायते, एक फेजपासून पत्र्यापर्यंत, एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असली का थेवढा करंट जमिनीत जाते. नसली का पत्रा मधातच लटकते, २३० च्या अर्ध्यावर. तुहे ११२ तिथूनच आले. करंट कमी हाय, मिलिअँपिअरच्याई आत, पन त्याच पत्र्यावर उद्या वायर सोलून टेकली, उंदरानं कुरतडली, तं मंग झिनझिन्या नाई येनार, सरळ बोलावनं येईन. तुह्याकडे तं लोक घामेजल्या हातानं अंगठा द्याले येते.

खड्डा कर. जीआय पाईप, भोवताल कोळसा अन् मिठाचे थर, वरून पानी टाकाले तोंड. अर्थिंगच्या आयएस ३०४३ नियमामंदी सारं लिहेल हाय, तालुक्याचा कोनताही लायसनवाला करून देते. काळ्या जमिनीले उन्हाळ्यात भेगा पडते, पाईप मातीपासून सुटते, म्हनून पानी टाकत राह्यचं. झाल्यावर मीटर लाव: फेज अन् अर्थ दोनशेतीसच्या जवळ, न्यूट्रल अन् अर्थ दोन-तीनच्या आत.

---

बर्डीवाला · गुरुवार, सकाळी ११.४०

काका, दुकानात बसून वीस वर्षं झाली, गिऱ्हाईकाला "अर्थिंग बघा" एवढंच सांगत होतो. अर्ध्या व्होल्टेजचं कारण आज समजलं.

---

पऱ्हाटी · पुढच्या रविवारी, रात्री ९.३०

खड्डा झाला. अंगणात, तुळशीपासून चार हातांवर. फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ १.८. पत्रा आता मुका.

काल पुन्हा वावधन आलं. कटऑफच्या आकड्यावर मी डोळे लावून बसलो होतो: २३१, २१८, १९६, मग एकदम अंधार. लाईट परत आली तेव्हा २४४ दाखवले, साठ सेकंद उलटे मोजले आणि मग जोडलं. बाकड्यावरचे काका मोठ्यानं मोजत होते, साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. संध्याकाळी सगळे कूलर चालू असताना १७२ ला दोन तास काम केलं, पीक कर्जाचे अकरा फॉर्म गेले, मशीन एकदाही हलली नाही.

खड्ड्यात पाणी टाकायचं काम आईनं घेतलं आहे. सकाळी तुळशीला एक तांब्या आणि याला एक. आज विचारत होती, अजून थोडं मीठ टाकू का.

---

बर्डीवाला · रविवार, रात्री ९.३८

नाव सांग बे आता कंपनीचं.

---

पऱ्हाटी · रविवार, रात्री ९.४१

अजून तीन आठवडे.

---

खांबावरचा · सोमवार, पहाटे ५.१५

मायले सांग, मीठ बास. जास्त टाकलं का पाईप सडते. पानीच टाकत जाय म्हना.